टाक्या, भट्ट्या आणि अर्धशतकाची चिकाटी

पाण्याच्या टाकीचा एक फोटो काढायला किती वेळ लागावा? बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन दांपत्याला तो कधी दिवसांत मोजावा लागे, कधी महिन्यांत. आधी मालकाची परवानगी मिळवायची. मग टाकी पायापासून टोकापर्यंत सरळ समोर दिसेल अशी जागा शोधायची. ती शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर असे, मातीच्या ढिगावर असे, नाहीतर सोबत आणलेल्या शिडीवर चढून ती तयार करावी लागे. एवढं जमल्यावर आभाळ भरून येण्याची वाट पाहायची, कारण ऊन असलं की सावल्या पडतात आणि अर्धी टाकी काळोखात जाते. १९५९ पासून जवळपास पन्नास वर्षं दोघांनी याच रीतीनं युरोप-अमेरिकेतल्या पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे, चुन्याच्या भट्ट्या, गॅसच्या टाक्या, धान्याची कोठारं टिपली. चौकटीत माणूस जवळजवळ नाही, रंग नाही, नाट्य तर मुळीच नाही.

इतक्या रुक्ष चित्रांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या छायाचित्रणाला जेवढं वळण दिलं, तेवढं फार थोड्यांनी दिलं असेल. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह मिळाला, आणि तो शिल्पकलेसाठी. फोटोग्राफरांना शिल्पाचं बक्षीस म्हणजे परीक्षकांची चूक वाटेल. पण त्यांना एक गोष्ट कळली होती. या चित्रांत फोटोग्राफरनं स्वतःचं काहीच पुढे केलेलं नाही, म्हणून समोरची वस्तूच उभी राहते. एक नियम ठरवायचा, तो आयुष्यभर मोडायचा नाही आणि चित्रांचा ढीग वाढू द्यायचा, या पद्धतीचा प्रभाव कुठून आला, कुठे पोचला आणि कुठे अडला, ते इथे पाहू.

ही रीत बेशर यांनी शून्यातून काढलेली नव्हती. पॅरिसमध्ये यूजीन आत्जे (१८५७–१९२७) यानं १८९० च्या दशकाअखेरीस जुनं शहर टिपायला घेतलं. जड लाकडी कॅमेरा, १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा, बहुधा पहाटेचा उजेड. दुकानांच्या पाट्या, जिने, दारांच्या कड्या, आतली अंगणं, फेरीवाले. तो स्वतःला कलावंत म्हणवत नसे. चित्रकारांना आणि ग्रंथालयांना उपयोगी दस्तऐवज पुरवणं हा त्याचा धंदा. अतिवास्तववाद्यांनी १९२६ मध्ये त्याचं एक चित्र आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर घेतलं, तेव्हा माझं नाव घालू नका, हे नुसते दस्तऐवज आहेत, असं त्यानं सांगितल्याची आठवण त्यांच्यातला छायाचित्रकार मॅन रे सांगत असे. त्याच्यामागे घरात राहिलेल्या काचांचं काय झालं असतं कोण जाणे. बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीनं त्या मिळवल्या, चाळीसेक वर्षं सांभाळल्या आणि १९६८ मध्ये न्यू यॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवल्या. चिकाटीच्या कामाला दुसऱ्या कुणाची तरी चिकाटी लागतेच. या सगळ्या परंपरेत हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो.

बर्लिनचा कार्ल ब्लॉसफेल्ट कलाशाळेतला शिक्षक. पानं, कोंब, कळ्या यांचे मोठे करून काढलेले फोटो तो विद्यार्थ्यांना नमुने म्हणून दाखवायचा. तीसेक वर्षं हे काम वर्गाच्या चार भिंतींत राहिलं. १९२८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि साठी उलटलेला हा शिक्षक एकदम प्रसिद्ध झाला. पण बेशर यांचा खरा पूर्वज म्हणजे कोलोनचा आउगुस्ट झांडर (१८७६–१९६४). विसाव्या शतकातल्या जर्मन माणसाचा कोश करायचं त्यानं मनात घेतलं. शेतकरी, कारागीर, स्त्रिया, व्यावसायिक, कलावंत, शहर आणि शेवटी समाजाच्या कडेला पडलेले लोक, असे सात गट. त्यातली साठ चित्रं १९२९ मध्ये पुस्तकरूपानं आली. गवंडी डोक्यावर विटा घेऊन उभा आहे, हलवाई हातात भांडं घेऊन. प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे रोखून पाहतो आणि कुणालाही कमी-जास्त मान दिलेला नाही. नाझींना हे खुपलं. त्यांना हवा होता एक आदर्श वंश, आणि झांडरच्या कोशात तो कुठेच सापडत नव्हता. १९३६ मध्ये पुस्तकाच्या छपाईचे ठोकळे नष्ट करण्यात आले. मुलगा एरिक राजकीय कैदी म्हणून १९४४ मध्ये तुरुंगात मेला. युद्धानंतर कोलोनच्या तळघरात लागलेल्या आगीत हजारो निगेटिव्ह जळाल्या. उरलं ते त्यानं आधीच खेड्यात हलवलेलं होतं म्हणून.

बर्न्ड बेशर १९३१ साली झीगन गावात जन्मला. लोखंडाच्या खाणींचा आणि भट्ट्यांचा मुलूख, नात्यातली माणसं त्यातच कामाला. चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून तो घराजवळच्या एका खाणीची रेखाटनं करू लागला. ती पूर्ण होण्याआधीच खाण पाडायला सुरुवात झाली. पेन्सिल मागे पडू लागली म्हणून त्यानं कॅमेरा हातात घेतला. हिला १९३४ ची, पॉट्सडॅमची. तिथल्या राजवाड्यांची आणि बागांची चित्रं काढणाऱ्या वॉल्टर आइशग्र्यून यांच्याकडे तिनं उमेदवारी केली होती. दगडी इमारतीचा कोपरा अन् कोपरा नीट दिसला पाहिजे, उभ्या रेषा उभ्याच राहिल्या पाहिजेत, हे शिक्षण तिला तिथं मिळालं. दोघांची गाठ १९५७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका जाहिरात कंपनीत पडली. १९५९ पासून काम एकत्र, १९६१ मध्ये लग्न. लिहिताना बर्न्डचं नाव आधी येतं, पण माझ्या मते या कामाचा कणा हिलाची उमेदवारी आहे. बर्न्डला खाणी जपायच्या होत्या. त्या जपायच्या कशा, हे हिलाच्या हातांना ठाऊक होतं.

त्या काळी पश्चिम जर्मनीत ओटो श्टाइनर्ट आणि त्याच्या मंडळींची 'व्यक्तिनिष्ठ' छायाचित्रण नावाची चळवळ जोरात होती. तिरपे कोन, गडद सावल्या, फोटोग्राफरच्या अंतर्मनाचा कल्लोळ. बेशर दांपत्यानं यातलं काहीच घेतलं नाही. दुसरीकडे १९५८ पासून रूर या तिथल्या कोळशाच्या मुलखावर संकट आलं. तेल स्वस्त झालं, बाहेरून येणारा कोळसा परवडू लागला आणि एकामागून एक खाणी बंद होऊ लागल्या. म्हणजे ज्या पद्धतीला वेळ लागतो तीच पद्धत, आणि ज्या वस्तूंना वेळ नाही त्याच वस्तू. या ओढाताणीतून पुढचं सगळं काम झालं.

पद्धत थोडी उलगडून सांगायला हवी, कारण तिचं अनुकरण पुष्कळांनी केलं आणि तिची कारणं थोड्यांनीच विचारात घेतली. कॅमेरा मोठ्या फिल्मचा, कारण भट्टीच्या अंगावरची प्रत्येक नळी आणि रिव्हेट वेगळी दिसली पाहिजे. भिंगाचं छिद्र लहान, म्हणजे पुढचं आणि मागचं दोन्ही सुस्पष्ट. छिद्र लहान म्हणजे एक्सपोजर लांब, आणि लांब एक्सपोजरला तिपाई लागणारच. जमिनीवरून वर कॅमेरा केला की मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. म्हणून शक्यतो वस्तूच्या अर्ध्या उंचीवर जायचं आणि कॅमेऱ्याची पाठ जमिनीला काटकोनात ठेवायची. ढगाळ आभाळ एवढ्यासाठी की पार्श्वभूमी सपाट करडी मिळते आणि आकाराची कड स्वच्छ उठते. यातली एकही गोष्ट लहर म्हणून आलेली नाही. प्रत्येकीमागे एकच हेतू आहे. उद्या दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या टाकीचा फोटो याच्या शेजारी ठेवला, तर फरक टाक्यांमधला दिसावा, उजेडातला किंवा कोनातला नव्हे.

आणि मग ते तसे शेजारी ठेवायचे. नऊ, बारा, पंधरा चित्रं ओळीत आणि रांगेत. याला त्यांनी टायपॉलॉजी म्हटलं. एकटी टाकी ही नुसती टाकी असते. नऊ टाक्यांसमोर उभं राहिलं की डोळा आपोआप कामाला लागतो. हिचे पाय जाळीचे, तिचे विटांचे. हिचं पोट गोल, तिचं निमुळतं. हिच्यावर शंकूसारखं छप्पर, ती उघडी. कुठल्या अभियंत्यानं खर्च वाचवला, कुणी विनाकारण एक नक्षी चढवली, कुठल्या खोऱ्यात लोखंड स्वस्त आणि कुठे वीट, हे न सांगता कळू लागतं. खाली मजकूर एवढाच: वस्तू, गाव, देश, वर्ष. उदाहरणार्थ, पाण्याचा मनोरा, डॉर्टमुंड-ग्रेव्हेल, १९६५. मला या चित्रांत सगळ्यात मोठं वाटतं ते हे की ती पाहणाऱ्यावर विश्वास टाकतात. काय पाहावं, हे सांगतच नाहीत.

१९६६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीवर ते फोक्सवॅगनच्या गाडीतून सहा महिने ब्रिटनमध्ये फिरले, त्यातला मोठा काळ दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या दऱ्यांमध्ये. तिथल्या खाणींवरचे मनोरे रूरच्या मानानं ओबडधोबड, डोंगराला टेकलेले, पाठीमागे मजुरांच्या घरांच्या रांगा. त्या वेळी ते अगदी साधं दृश्य होतं, मुद्दाम जाऊन पाहावं असं त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडल्यानंतर त्या दऱ्यांमधल्या उरल्यासुरल्या खाणी भराभर बंद झाल्या आणि मनोरे भंगारात गेले. ज्या गोष्टी कायम राहणारच असं वाटतं, त्यांचे फोटो सहसा कुणी काढत नाही. पद्धतशीर काम करणारा माणूस तेही काढतो, कारण तो आवडनिवड करत नाही. तो यादीतलं पुढचं नाव घेतो.

कलेच्या जगानं त्यांना उचललं ते जरा गैरसमजातूनच. १९६९ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टहालेत 'अनामिक शिल्पं' या नावाचं प्रदर्शन झालं आणि १९७० मध्ये त्याच नावाचं पुस्तक आलं. न्यू यॉर्कमध्ये त्या सुमारास मिनिमल आणि संकल्पनावादी कलेचा जमाना होता. पुनरावृत्ती, जाळी, भावनेला फाटा, हे सगळं तिथल्यांना आपलंच वाटलं. कार्ल आंद्रेसारख्या शिल्पकारानं १९७२ मध्ये 'आर्टफोरम' मासिकात त्यांच्यावर लिहिलं. खुद्द बेशर दांपत्याला कोणती नळी हवा नेते आणि कोणती वायू, झोतभट्टीला वरून माल कसा जातो, याची इत्थंभूत माहिती असे. भट्टी त्यांना अमूर्त आकार वाटतच नव्हती. तरी या गैरसमजामुळे त्यांचं भलं झालं. संग्रहालयाच्या भिंतीवर गेल्यावर ती चित्रं टिकली आणि त्यांच्या निगेटिव्हना घर मिळालं. उद्योग-इतिहासाच्या एखाद्या दप्तरात ती राहिली असती तर आज आपण त्यांच्याबद्दल बोलत असतो का, याची शंका आहे.

भिंतीबाहेरही त्यांचा उपयोग झाला, आणि त्याबद्दल कमी लिहिलं जातं. डॉर्टमुंडच्या झोलर्न दोन/चार या खाणीचं यंत्रघर, लोखंडी सांगाडा आणि रंगीत काचांचं देखणं दार असलेलं, १९६९ मध्ये पाडलं जाणार होतं. ते वाचवण्याच्या मोहिमेत बेशर आणि त्यांची छायाचित्रं होती. वर्षअखेरीस यंत्रघराला संरक्षण मिळालं. जर्मनीत औद्योगिक वास्तूला वारसा मानण्याची सुरुवात तिथून धरतात. पुढे १९९४ मध्ये फोल्कलिंगनची पोलादभट्टी आणि २००१ मध्ये एसनची झोलफेराइन खाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. हे श्रेय एकट्या फोटोंना देणं वेडेपणाचं होईल. पण कुरूप म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवायची, त्याकडे थांबून पाहता येतं, एवढी सवय त्या फोटोंनी एका पिढीला लावली.

तोवर अमेरिकेत समांतर काही चाललं होतंच. एड रुशे यानं १९६३ मध्ये सव्वीस पेट्रोल पंपांचं एक छोटं पुस्तक काढलं आणि १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरची प्रत्येक इमारत लांबलचक घडीच्या कागदावर मांडली. त्यात खट्याळपणा होता, बेशर यांच्या कामात तो औषधालाही नाही. १९७५ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये विल्यम जेन्किन्स यांनी 'न्यू टोपोग्राफिक्स' हे प्रदर्शन मांडलं. माणसानं बदललेली जमीन हा विषय. रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुइस बॉल्ट्झ, स्टीफन शोर वगैरे अमेरिकन, आणि बाहेरचे फक्त बेशर. राष्ट्रीय उद्यानातले सूर्यास्त बाजूला सारून नव्या वसाहती, गोदामं, पार्किंगच्या जागा. प्रेक्षकांना ते कंटाळवाणं वाटलं. आज निसर्गचित्रणाचा इतिहास त्या प्रदर्शनाआधी आणि नंतर असा सांगतात.

१९७६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीनं बर्न्डला प्राध्यापक नेमलं. हिलाला पद मिळालं नाही, मात्र शिकवलं दोघांनी. कान्डिडा होफर, टोमास श्ट्रुथ, आक्सेल ह्यूटे, टोमास रुफ, आन्द्रेआस गुर्स्की हे या वर्गातले. एवढी नावं एका वर्गातून निघणं हीच मोठी गोष्ट, पण त्यातलं एकही गुरूची नक्कल वाटत नाही ही त्याहून मोठी. होफरनं माणसं नसलेली ग्रंथालयं आणि सभागृहं धरली. श्ट्रुथनं रिकामे रस्ते, मग घरगुती कुटुंबचित्रं, मग संग्रहालयात चित्रं पाहणारी गर्दी. रुफनं आपल्या मित्रमैत्रिणींचे पासपोर्टसारखे चेहरे दोन मीटरहून उंच करून टांगले. इतक्या जवळून, इतक्या स्पष्ट दिसणाऱ्या चेहऱ्यातून माणसाबद्दल काहीच कळत नाही, हा त्याचा मुद्दा. गुरूंच्या श्रद्धेवर शिष्यानं ओढलेला हा सरळ काट होता, आणि त्यांनी तो वर्गात ओढू दिला.

गुर्स्कीचं प्रकरण वेगळं. त्याचं 'ऱ्हाइन २' हे १९९९ चं चित्र २०११ मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला गेलं. तोवर कुठल्याही छायाचित्राला एवढी किंमत आली नव्हती. हिरवळ, नदी, हिरवळ, करडं आभाळ, बस. पलीकडच्या काठावरची बांधकामं गुर्स्कीनं संगणकावर पुसून टाकली होती. ज्यांनी आयुष्यभर नेमकी तीच बांधकामं जपली, त्यांच्याच वर्गातून हे निघावं! मला यात गंमत वाटते, पण प्रभावाची मर्यादाही दिसते. करडं आभाळ, समोरासमोरची नजर, थंडपणा हे सगळं पुढे गेलं. दस्तऐवजाशी बांधिलकी मात्र बाजारानं वाटेतच गाळली.

ती बांधिलकी शोधायची तर दुसरीकडे जावं लागतं. मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात अमेरिकेच्या पश्चिमेत एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षकांनी जिथे तिपाई रोवली होती त्या जागा शोधल्या आणि त्याच जागेवरून, त्याच ऋतूत, त्याच वेळेच्या उजेडात पुन्हा फोटो काढले. कामिलो होसे व्हेरगारा हा चिलीत जन्मलेला छायाचित्रकार १९७० च्या दशकापासून हार्लेम, डेट्रॉइट, कॅम्डेन इथल्या पडत्या वस्त्यांमध्ये त्याच कोपऱ्यांवर परत परत जातो आहे. हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावरचा एक दर्शनी भाग त्यानं १९७७ पासून टिपला. क्लब गेला, दुकानं आली, पाट्या बदलल्या, रंग बदलले, गाळ्याचे दोन झाले. बेशर यांच्या जाळीत जागा बदलते आणि काळ थांबलेला असतो. व्हेरगाराकडे जागा थांबते आणि काळ चालतो. लिलावात त्याला कुणी विचारणार नाही. तरी बेशर यांचा वारसा कुणी पुढे नेला असं विचारलं तर मी गुर्स्कीच्या आधी त्याचं नाव घेईन.

आता आक्षेप. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे: माणसं कुठे आहेत? रूरच्या भट्ट्यांनी दोन महायुद्धांना पोलाद पुरवलं. दुसऱ्या युद्धात तिथे परदेशांतून पकडून आणलेल्या वेठबिगारांना राबवलं गेलं. खाणीत फुप्फुसं काळी झाली, संप झाले, कुटुंबं उठली. करड्या आभाळाखालच्या त्या स्वच्छ मनोऱ्यात यातलं काहीच नाही. हा आक्षेप मला अर्धा पटतो. नाझी प्रचारानं कामगाराच्या घामेजल्या चेहऱ्याचं इतकं उदात्तीकरण केलं होतं की त्यानंतरच्या जर्मन पिढीनं ते दृश्य टाळावं हे समजण्यासारखं आहे. शिवाय एक पद्धत सगळं दाखवेल ही अपेक्षाच चूक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लुत्झ नीटहामर आणि सहकाऱ्यांनी रूरच्या कामगार कुटुंबांच्या जीवनकथा ध्वनिमुद्रित केल्या. दोन्ही संग्रह शेजारी ठेवूनच त्या मुलखाचं चित्र पुरं होतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो आणि त्याची मुळं आपल्याकडे आहेत. सारख्या चौकटीत मांडून तुलना करणं ही निरागस क्रिया नाही. पॅरिसचा पोलीस अधिकारी बेर्तियाँ यानं १८८० च्या दशकात गुन्हेगारांचे समोरून आणि बाजूने फोटो काढण्याची पद्धत लावली. त्याआधी ब्रिटिश सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात काढला. जाती-जमातींचे फोटो आणि सोबत त्यांच्या स्वभावाविषयीचे शेरे, कोण निष्ठावान, कोण लबाड. मुंबईत विल्यम जॉन्सननं याच्याही आधी, १८६३ आणि १८६६ मध्ये, मुंबईतल्या लोकांचे 'नमुने' दाखवणारे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातली बरीच माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि मग दुसरीकडे काढलेल्या देवळांच्या, झाडांच्या, रस्त्यांच्या पार्श्वभूमीवर चिकटवलेली आहेत. माणूस खरा, देऊळही खरं, पण तो तिथे उभा होता हे खोटं. बेशर यांची टाकी जिथे होती तिथेच उभी आहे, मागच्या कुंपणासकट आणि शेजारच्या खोपटासकट. शिवाय टाकीला आपल्याविषयी काय लिहिलं गेलं याचं सोयरसुतक नसतं. माणसांचं वर्गीकरण करायचं तर झांडरसारखं करावं, जिथे समोरचा स्वतः ठरवून उभा राहतो. तेवढं जमत नसेल तर करू नये.

तिसरा आक्षेप किरकोळ, पण त्रास तोच जास्त देतो. नऊ दरवाजे, नऊ सायकली, नऊ चहाच्या टपऱ्या एका चौकोनात मांडल्या की झाली टायपॉलॉजी, असा समज फोनच्या पडद्यामुळे सर्वत्र झाला आहे. एका सहलीत काढलेले नऊ फोटो म्हणजे सहलीचे नऊ फोटो. ब्रिटिश कलावंत इद्रिस खान यानं २००४ मध्ये बेशर यांच्या एकेका मालिकेतली सगळी चित्रं एकावर एक चढवून एकच धूसर प्रतिमा केली. ती कोळशानं काढल्यासारखी, थरथरती दिसते. मला ती आवडते, आणि तिच्यामुळे मूळ कामाची किंमतही कळते. वेगळेपणा पुसला की सुंदर धुकं उरतं, माहिती उरत नाही.

भारतात या चिकाटीची माणसं आहेत, फक्त त्यांनी जाळी मांडली नाही म्हणून त्यांची नावं या संदर्भात घेतली जात नाहीत. दयानिता सिंग यांनी सरकारी आणि खाजगी दप्तरखान्यांतले गठ्ठे, कपाटं, फडक्यात बांधलेल्या फायली वर्षानुवर्षं टिपल्या. 'फाइल रूम' हे पुस्तक २०१३ मध्ये आलं. २००४ मध्ये बेशर दांपत्याला मिळालेला हासेलब्लाड पुरस्कार २०२२ मध्ये त्यांना मिळाला. गौरी गिल १९९९ पासून पश्चिम राजस्थानात त्याच कुटुंबांकडे परत परत जातात. मुंबईत चिरदीप चौधरी यांनी सार्वजनिक घड्याळांचा पाठपुरावा पंचवीसहून जास्त वर्षं केला: बँकांवरची, स्थानकांवरची, चर्च-अग्यारींवरची, चालणारी आणि कधीच बंद पडलेली. हे काम बेशर यांच्या सगळ्यात जवळचं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम गटारात उतरून टिपलं, संदेश भंडारे यांनी तमाशाचे फड आणि वारी. या दोघांच्या चित्रांत माणूसच माणूस आहे. नियमाची शिस्त सैल, परत जाण्याची शिस्त तेवढीच कडक.

मुंबईच्या गिरणगावाला मात्र बेशर मिळाले नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कापड गिरणी कामगार उतरले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली आणि पुढच्या दोन दशकांत लालबाग-परळ-लोअर परळचं क्षितिज बदललं. माणसांची आठवण राखली गेली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, शाहिरांच्या, कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन मौखिक इतिहास उभा केला, आणि तो मोलाचा आहे. पण कुठल्या गिरणीची चिमणी किती उंच होती, कुणाचं छप्पर करवतीच्या दातांसारखं आणि कुणाचं सपाट, दरवाजावरची कमान कुणी घडवली, साचेखात्यात उजेड कुठून येई, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय नाही. रूरमध्ये आधी वास्तू जपल्या आणि आवाज नंतर गोळा झाले. आपल्याकडे आवाज आहेत, वास्तू गेल्या.

सगळंच गेलेलं नाही. विदर्भात आणि खानदेशात कापसाच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या इमारती उभ्या आहेत. मूर्तिजापूर-अचलपूर-यवतमाळच्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेची स्थानकं आहेत. जुन्या सहकारी साखर कारखान्यांची धुराडी आहेत, तालुक्याच्या गावांतली एकपडदा चित्रपटगृहं आहेत, नगरपालिकांच्या पाण्याच्या टाक्या आहेत. यातलं काय पुढच्या दहा वर्षांत पाडलं जाईल, हे स्थानिक माणसाला मुंबई-पुण्याच्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा आधी कळतं. त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही, फोन पुरेल. एकच प्रकार निवडा, एकच जिल्हा धरा. सरळ समोर उभे राहा, प्रत्येक वेळी तेवढंच अंतर ठेवा. बेशर ज्या आभाळासाठी दिवस दिवस थांबत, ते आपल्याला आषाढ-श्रावणात फुकट मिळतं. आणि प्रत्येक चित्राखाली वस्तूचं नाव, गाव, तालुका आणि तारीख लिहा. तेवढं लिहिलेलं नसेल तर बाकीचं करू नका.